किल्ली कुणाकडे?

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

तू काढतोयस त्या नव्या ख्रिस्ती संघाच्या नियमावलीचा मसुदा वाचला. चर्चच्या मंडळीत त्या तृतीयपंथी मुलीला प्रभुभोजन नाकारलं म्हणून तू उठून बाहेर पडलास, त्यासाठी पाठ थोपटत बसत नाही. तू तेच करणार होतास. पण झग्याचा रंग, प्रार्थनेच्या वेळा, बिशपांची मान्यता मागावी की नाही, यावर पानंच्या पानं. आणि जिच्यापायी हे सगळं, ती कुठे? 'लाभार्थी' या सदरात! अरे, किल्ली कुणाकडे राहणार ते आधी सांग.

बाप्तिस्मा न झालेल्यांना घ्यावं का, यावर अडून बसलायस. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशन सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, दोघंही तिथे ख्रिस्ताचे शिष्य. तू कशाला नव्याने डोकं फोडतोस? दरबाराकडून शिकायचं ते वेगळंच. त्याचा सगळा जीव एका टिळकांत होता, आणि 1919 मध्ये ते गेले.

पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन बघ. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या मठात बाप्तिस्मा घेऊनही रमाबाई तिथल्या सिस्टरांशी सिद्धांतांवरून वाद घालत राहिल्या, कुणाच्या ओंजळीने पाणी प्यायल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि विधवा आणल्या. अन्न तर दिलंच, पण मुक्तीच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायलाही त्याच बसल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल त्या बायकांच्या हातून छापलं गेलं. जेवू घालणारे पुष्कळ असतात रे. बायबलाचे खिळे हातात देणारी बाई मला तरी दुसरी माहीत नाही.

आमच्या संघाच्या घरात कोठीची किल्ली बुधवार पेठेतून आलेल्या एका बाईच्या कमरेला असे. काळ्या दोऱ्यात ओवलेली. मी साखर मागायला गेले तरी म्हणायची, "ताई, आधी वहीत लिहा." एक विश्वस्त सारखे कुरकुरायचे, तेल जातं म्हणून. जात असेल. मी किल्ली काढून घेतली नाही. देणगीदार तुटले, लोक मला हेकट म्हणाले, अजूनही म्हणतात. म्हणोत. ज्या घरात आलेल्या माणसाला किल्ली मिळत नाही त्याला मी संघ म्हणत नाही, धर्मशाळा म्हणते.

तुला वाटतं, आधी नोंदणी करू, तिच्यासारख्यांना पुढे सामावून घेऊ. पुढे कधी? बहुतेक न्यासांच्या घटनेत जागा रिकामी झाली की उरलेले विश्वस्तच नवा निवडतात, म्हणजे आपल्यासारखाच. मग धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जातात, नावं बदलतात, जात आणि आडनावांचा गोतावळा तोच राहतो. पहिल्या कागदावर जे नसतात, ते नंतर शिपाई म्हणून येतात. रागावू नकोस, मी हे होताना पाहिलंय, आणि पाहणारी मी एकटी नाही.

कलम सहा खोडून टाक. व्रत घेतलेल्यांनाच मत, हे तुझ्या तोंडी शोभत नाही. हिशेबाची वही आणि बँकेतली सही, दोन्हींवर त्या मुलीचं नाव घाल; तिला हवं असेल तर. हे तिला विचारलंयस का? पत्रात तिचं एक वाक्यही नाही, म्हणून म्हणते. पुढच्या रविवारी उपासनेनंतर दोघं या, जेवायलाच या. मसुदा तिलाच वाचायला सांगू. तोवर मुद्रांक कागद विकत घेऊ नकोस.

तुझी,
ताई