बिबट्यांच्या मागं फिरून पोट भरेल का, मॅडम?

बारावीचा रिझल्ट लागला की करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडं दरवर्षी दोन-तीन घरं तरी हा प्रश्न घेऊन येतातच. पोराला किंवा पोरीला इकॉलॉजी नाहीतर वाइल्डलाइफ शिकायचंय आणि आईवडिलांना कळत नाही की ही डिग्री घेऊन पुढं करायचं काय. त्यातली एक केस सांगते, घरच्यांना विचारून सांगतेय, नाव आणि थोडे तपशील बदललेत.

मुलगी जुन्नर तालुक्यातली, तिला आपण ऋतुजा म्हणू. वडिलांचा ऊस आणि कांदा, आई घर, गोठा आणि शेत तिन्हीकडं. नीटमध्ये मार्क बरे होते पण सरकारी एमबीबीएस मिळण्यासारखे नव्हते, वडील म्हणत होते प्रायव्हेटला बीएएमएस करू, लोन काढू, आणि ही म्हणत होती मला प्राण्यांवरच काम करायचंय. घरात पंधरा दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. पहिल्या दिवशी वडील खुर्चीवर नीट टेकलेसुद्धा नाहीत, म्हणाले, "मॅडम, बिबट्या आमच्या उसात रोजच आहे, त्याला बघायला कॉलेजात कशाला जायचं? आणि बिबट्यांच्या मागं फिरून पोट भरेल का?"

मला तो प्रश्न अजिबात चुकीचा वाटला नाही. ज्याच्या शेतात ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची पिल्लं सापडतात, ज्याला रात्रीच्या लाइटला मोटर चालू करायला जीव मुठीत धरून जावं लागतं, त्याला कोणी "निसर्गावर प्रेम करा" म्हणलं तर राग येणारच. म्हणून मी करिअरचं काही बोललेच नाही, त्यांना विचारलं, "दादा, २००१ ते २००३ च्या दरम्यान तुमच्या भागात काय झालं होतं आठवतंय?" ते एकदम गप्प झाले. आठवत होतं त्यांना. तेव्हा ते विशी-बाविशीचे असतील, गावोगाव माणसांवर हल्ले होत होते, संध्याकाळनंतर पोरांना बाहेर सोडत नव्हते, आणि मागणी एकच, बिबटे पकडा आणि लांब नेऊन सोडा. मग मी त्यांना सांगितलं की वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी वनखात्याच्या नोंदी घेऊन हाच विषय अभ्यासला. पकडलेल्या बिबट्यांना मायक्रोचिप बसवल्या, कुठं पकडला आणि कुठं सोडला ते जुळवलं, आणि निघालं असं की एका ठिकाणचा बिबट्या उचलून दुसरीकडं सोडणं हेच हल्ले वाढण्यामागचं मोठं कारण असू शकतं, कारण अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, परत यायला बघतो, वाटेत माणसं लागतात. २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं माणूस आणि बिबट्या संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही सरसकट पकडून लांब सोडण्यापेक्षा लोकांना सावध करण्यावर आणि नीट नियोजनावर भर आहे. मी म्हणलं, "दादा, हे जे काम आहे ना, नोंदी बघून खरं कारण शोधायचं, त्याला इकॉलॉजी म्हणतात. तुमच्या गावासाठीच होतं ते."

ते लगेच काही हो म्हणाले नाहीत, पण खुर्चीत मागं टेकून बसले.

पुढच्या वेळी ऋतुजाशी एकटीशी बोलले आणि खरी भीती तेव्हा बाहेर आली. नोकरीची चिंता वडिलांना होती, हिला वेगळीच होती. म्हणाली, "मॅडम, मला बिबट्या खूप आवडतो, पण मी अकरावीला गणित सोडलं, आणि आता वाचते तर सगळीकडं स्टॅटिस्टिक्स लिहिलंय. मला फक्त प्राणी आवडत असतील आणि अभ्यास जमलाच नाही तर? घरी एवढं भांडून जायचं आणि मग नापास व्हायचं?" आणि रडायला लागली. ही भीती मी खूप मुलांमध्ये बघितलीय, घरच्यांशी भांडता भांडता स्वतःच्या शंकेला जागाच उरत नाही, कारण शंका बोलून दाखवली तर घरचे म्हणणार, बघ, आम्ही सांगतच होतो.

त्या दिवशी माझ्याकडं डब्यात पावटे होते. तिला म्हणलं मूठभर काढ, मोज, पेननं खूण कर. चाळीस निघाले. परत डब्यात टाकले, चांगले हलवले, आणि परत काढायला लावले, या वेळी पन्नास आले, त्यात खुणेचे आठ. आता डब्यात एकूण किती असतील सांग, सगळे न मोजता. थोडा वेळ गोंधळली, मग हळूहळू म्हणाली, पन्नासात आठ खुणेचे म्हणजे सहा-सव्वासहात एक, खुणेचे एकूण चाळीस, म्हणजे अडीचशेच्या आसपास. नंतर सगळे मोजले, दोनशे सदतीस निघाले, आणि तिचा चेहरा असा काही फुलला की बस. वाघ-बिबटे मोजायची पद्धत मुळात हीच आहे, फरक इतकाच की तिथं पेननं खूण करायची गरज नसते, वाघाचे पट्टे आणि बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या, फोटोवरून ओळखता येतात. गणित सोडलेल्या मुलीनं पाच मिनिटांत हे केलं. पण सोपं आहे असं मी तिला सांगितलं नाही, पुढचं स्टॅटिस्टिक्स अवघड असतं आणि ते मनापासून शिकावंच लागतं, नाहीतर या क्षेत्रात माणूस दुसऱ्याचे कॅमेरे झाडाला बांधण्याच्या पुढं जात नाही.

मग एक काम दिलं. बिबट्याच्या वाटेला जायचं नाही, घराजवळचं काहीही एक निवडायचं आणि सहा आठवडे रोज एकाच वेळी जाऊन वहीत लिहायचं, फोटो नको, मोबाइल नको. तिनं विहिरीवरच्या बाभळीवरचे सुगरणीचे खोपे निवडले. तेव्हा पाऊस नुकताच सुरू झाला होता, त्यांचा विणीचा हंगाम.

पहिल्या आठवड्याची वही अगदी साधी होती, आज आठ खोपे, आज नऊ. तिसऱ्या आठवड्यात तिनं लिहिलं की काही खोपे अर्धेच सोडलेत, टोपीसारखे, असं का? (नाव सुगरण असलं तरी खोपा विणतो नर, अर्धा झाला की मादी येऊन बघते, पसंत पडला तर पुढची नळी विणतो, नाहीतर सोडून देऊन दुसरा सुरू करतो.) हे तिला मी सांगितलं नव्हतं, तिनं मादी येऊन लोंबकळून जाताना स्वतः बघितलं आणि मग वाचून ताडून घेतलं. आणि पाचव्या आठवड्यात तिचं एक वाक्य आलं जे मी बाजूला लिहून ठेवलं, "जवळजवळ सगळे खोपे झाडाच्या पूर्वेच्या बाजूला आहेत, पाऊस-वारा पश्चिमेकडून येतो म्हणून असेल का, पण विहीरसुद्धा पूर्वेलाच आहे, मग कारण वारा की पाणी हे एका झाडावरून सांगता येणार नाही." पुस्तकात सुगरणीबद्दल वाऱ्याच्या आडोशाचं कारण देतात हे खरंय, पण मला त्याहून मोठी वाटली ती शेवटची ओळ. अठरा वर्षांच्या पोरीला कोणी न सांगता कळलं होतं की आपल्याला काय सांगता येणार नाही. ज्याला नुसते प्राणी आवडतात तो खोप्याचा फोटो काढून खूश होतो, तिला एक झाड पुरेना, दुसऱ्या दिवशी शेजारच्या मळ्यातल्या विहिरींवर गेली.

तेवढ्यानं वडिलांचा प्रश्न सुटत नव्हता. तो पैशाचा होता आणि त्याचं उत्तर खरं खरं द्यायला लागतं. मी त्यांना सांगितलं, या क्षेत्रात कॅम्पस इंटरव्ह्यू आणि पॅकेज असं काही डोळ्यासमोर ठेवू नका. बरीच कामं प्रोजेक्टवर असतात, वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं, मग नवीन शोधा. नेट-जेआरएफ, म्हणजे परीक्षा देऊन मिळणारी संशोधनाची सरकारी फेलोशिप, मिळवून पीएचडीला लागली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं, पण ती परीक्षा काढावी लागते, आणि संस्थांमधल्या सुरुवातीच्या जागांना त्याच्यापेक्षा बरंच कमी मिळतं. रस्ते, धरणं, खाणी यांच्यासाठी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण परिणाम अहवाल लागतात, ते करणाऱ्या कन्सल्टन्सींना जैवविविधतेचा माणूस ठेवावाच लागतो, तिथं पगार बरा असतो. आणि वनसेवा आहेच.

वनसेवेवरून एक गोष्ट सगळ्या पालकांनी लक्षात ठेवावी असं मला फार वाटतं. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला डिग्रीत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, भौतिक, भूगर्भ, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यातला एक तरी विषय लागतो, नाहीतर कृषी, वानिकी किंवा इंजिनिअरिंगची डिग्री. पर्यावरणशास्त्र त्या यादीत नाही. म्हणजे मुलं उत्साहात नावात एन्व्हायर्नमेंट असलेली बीएस्सी घेतात, त्यात यातला एकही विषय नसतो, आणि तीन वर्षांनी फॉर्म भरताना कळतं की दार बंद. म्हणून आम्ही ठरवलं ते साधं होतं, जवळच्या कॉलेजात बीएस्सी झूलॉजी, सोबत जमेल तिथं स्टॅटिस्टिक्स, संध्याकाळी आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) शिकायचं, दोन्ही फुकट आहेत, आणि खरी स्पेशल डिग्री एमएस्सीला. तिथं पर्याय चांगले आहेत, पुण्यात गरवारे कॉलेजची बायोडायव्हर्सिटी, भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था, डेहराडूनचं भारतीय वन्यजीव संस्थान, बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेचा वाइल्डलाइफचा कोर्स, जो दरवर्षी नसतो आणि जागा पंधराएकच, त्यामुळं वर्षाचं गणित आधीच बांधायला लागतं.

बीएएमएसच्या लोनपुढं गावाजवळच्या बीएस्सीचा खर्च वडिलांनी कागदावर मांडला आणि म्हणाले, "तीन वर्षांनी मन बदललं तरी बीएड करता येईल ना?" येईल म्हणलं. त्यांना तेवढी एक पायवाट हवी होती.

ऋतुजा आता दुसऱ्या वर्षाला आहे. आरमध्ये एरर आला की अजून मला मेसेज करते, मला त्यातलं काही कळत नाही, तिच्या सिनिअरचा नंबर देते.

राहिला आईंचा प्रश्न. त्या तिन्ही भेटींत जवळजवळ काहीच बोलल्या नव्हत्या, शेवटी निघताना दारात मला हळूच म्हणाल्या, "ताई, रात्रीचं रानात जायला लागंल का हिला?" मी नाही म्हणू शकले नाही. लागेल कधीकधी. एवढंच सांगितलं की कुठलंही फिल्डवर्क घेताना टीममध्ये अजून बायका आहेत का, गाडी कोणाची, राहायची सोय कुठं, वनखात्याची परवानगी कागदावर आहे का, हे विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे आणि चांगले गाइड त्यावर चिडत नाहीत. मागच्या महिन्यात ऋतुजाला मेमधल्या एका सर्वेसाठी बोलावणं आलं, तर आईंनी स्वतः फोन लावून हे चारही प्रश्न विचारले. तीन प्रश्नांची उत्तरं मिळालीत, राहायच्या सोयीचं कळवतो म्हणालेत. ते आल्याशिवाय पाठवणार नाही म्हणाल्या, आणि मला वाटतं बरोबर आहे त्यांचं.