डॉमिनिका: नकाशातली टाचणी चुकली आहे, ताई

पत्र, थोडक्यात: ‘मॅडम, आम्ही सांगोला तालुक्यातले. साडेतीन एकर डाळिंब आहे, यंदा मृग बहार धरलाय. मुलीने नीट दोनदा दिली. या वेळी पात्र झाली, पण सरकारी एमबीबीएसला नंबर लागेल एवढे मार्क नाहीत. सोलापूरच्या एका एजंटने डॉमिनिका नावाच्या बेटावरचं मेडिकल कॉलेज सुचवलंय. अमेरिकन पॅटर्न म्हणतात. दोन वर्षं बेटावर, पुढचं अमेरिकेतल्या हॉस्पिटलात. एकूण 32 लाख, सप्टेंबरची बॅच, आणि सीट बुक करायला दोन लाख या महिनाअखेरीस. हे दीड एकर विकायला तयार झालेत. तो देश कसा आहे? सरकार टिकाऊ आहे का? पोरगी सुखरूप राहील का? आणि परत आल्यावर तिला इथे दवाखाना काढता येईल का? माहितीपत्रकाचे फोटो सोबत पाठवलेत. – एक आई’

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण महिनाअखेर जवळ आलीय. एजंटने सांगितलं तशा पद्धतीने, म्हणजे दोन वर्षं बेटावर आणि बाकी अमेरिकेत, शिकून आली तर तुमच्या लेकीला भारतात डॉक्टरकी करता येणार नाही. दोन लाख भरू नका. हे असं का, ते कळायला आधी ते बेट समजून घ्यावं लागतं, म्हणून पत्र जरा लांबणार आहे.

माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर नकाशा आहे, त्यावर लाल टाचणी. ती टाचणी डॉमिनिकावर नाहीच. ती आहे डॉमिनिकन रिपब्लिकवर. तो वेगळा देश. मोठा, स्पॅनिश बोलणारा, एक कोटीहून जास्त लोकांचा. खालचा पांढऱ्याशुभ्र वाळूचा फोटोही तिकडचाच असावा, कारण डॉमिनिका हे ज्वालामुखीचं बेट आहे आणि तिथले बहुतेक किनारे काळ्या-करड्या वाळूचे आहेत. नावांचा हा घोळ जगभर होतो, त्याबद्दल मी कुणाला फाशी देणार नाही. पण जो माणूस तुमचं दीड एकर विकायला लावतोय, त्याला आपण पोरीला नेमकं कुठे पाठवतोय एवढं तरी ठाऊक हवं.

खरं डॉमिनिका कॅरिबियन समुद्रात, ग्वाडेलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधे आहे. लांबी सुमारे 47 किलोमीटर, क्षेत्रफळ साधारण 750 चौरस किलोमीटर. आपल्या सोलापूर जिल्ह्यात अशी जवळजवळ वीस डॉमिनिका बसतील. माणसं 70 हजारांच्या आसपास, म्हणजे पंढरपूर शहरात वारी नसतानाही राहतात त्याहून कमी. राजधानी रोझो. कामकाजाची भाषा इंग्रजी, घरात फ्रेंच वळणाची क्रेओल. सपाट जमीन जवळपास नाहीच, मोर्न दियाब्लोतां हा डोंगर 1,447 मीटर आहे. घनदाट जंगल, बारमाही नद्या आणि गंधकाच्या वाफेने उकळणारं एक तळंही आहे. घरात क्रिकेट बघत असाल तर रोझोचं मैदान तुम्ही पाहिलंय: जुलै 2023 मध्ये यशस्वी जयस्वालने पहिल्याच कसोटीत 171 काढले ते तिथेच.

सरकारचं म्हणाल तर त्या बाबतीत मला फार काळजी वाटत नाही. 3 नोव्हेंबर 1978 रोजी ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेलं हे प्रजासत्ताक आहे. आजूबाजूच्या बऱ्याच बेटांवर अजून इंग्लंडचा राजा राष्ट्रप्रमुख आहे, इथे नाही. राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडलेला असतो. 2023 पासून त्या पदावर सिल्व्हानी बर्टन आहेत. त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष, आणि बेटाच्या मूळ रहिवासी कलिनागो समाजातल्या. संसदेत थेट निवडून जाणारे सदस्य फक्त 21. रूझवेल्ट स्केरिट 2004 पासून पंतप्रधान आहेत, आणि डिसेंबर 2022 च्या निवडणुकीवर मुख्य विरोधकांनी बहिष्कार टाकला होता, तेव्हा ‘टिकाऊ’ हा शब्द जरा जास्तच लागू पडतो. पण रस्त्यावर बंदुका वगैरे तसलं काही नाही.

काळजी आहे ती दुसरीच, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. एका पिकावर घर चालवणं काय असतं, डाळिंबावर तेल्या रोग आला की काय होतं, हे सांगोल्याच्या बाईला मी काय सांगणार? डॉमिनिकाचं ते पीक म्हणजे केळी. ब्रिटनमध्ये त्यांना सवलतीने बाजार मिळायचा. 1997 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत युरोपच्या त्या पद्धतीविरुद्ध निकाल लागला. डोंगरउतारावरच्या दोन-चार एकरांच्या बागा लॅटिन अमेरिकेच्या अफाट मळ्यांपुढे उघड्या पडल्या. मग देशाने दुसऱ्या पिकांवर भर दिला. पहिलं, नागरिकत्व: 1993 पासून ठरावीक गुंतवणूक केली की डॉमिनिकाचा पासपोर्ट मिळतो, आणि सरकारी तिजोरीचा मोठा भाग त्यावर चालतो. दुसरं पीक म्हणजे परदेशी विद्यार्थी. ताई, या हिशेबात तुमची लेक तिथे विद्यार्थिनी कमी आणि आलेलं पीक जास्त आहे. त्यात बेटाचा दोष नाही, त्यांनाही पोट आहे. पण माहितीपत्रक वाचताना हे डोक्यात असू द्या.

आता रॉस विद्यापीठाची गोष्ट सांगते, कारण ती एजंट सांगणार नाही. हे अमेरिकनांनी चालवलेलं वैद्यकीय महाविद्यालय, कॅरिबियनमधल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्यांपैकी एक. डॉमिनिकाच्या उत्तरेला पोर्ट्समथ गावाजवळ पिकार्ड इथे ते सुमारे चाळीस वर्षं होतं. अख्खी वस्ती त्याच्यावर उभी राहिली. लोकांनी कर्ज काढून विद्यार्थ्यांसाठी खोल्या बांधल्या. गेटसमोर टपऱ्यांची रांग, दोन लेक्चरांच्या मधे पोरं तिथेच जेवायची. 18 सप्टेंबर 2017 च्या रात्री मारिया नावाचं चक्रीवादळ आलं. पाचव्या श्रेणीचं, म्हणजे त्याच्या वर श्रेणीच नाही. पंतप्रधानांच्याच घराचं छप्पर उडालं, आणि ते त्यांनी त्याच रात्री फेसबुकवर लिहिलं. नुकसान झालं देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या 226 टक्के. म्हणजे सव्वादोन वर्षांची अख्खी कमाई एका रात्रीत गेली.

विद्यार्थ्यांचं काय झालं? कॉलेजने एक जहाज भाड्याने घेऊन सेंट किट्स बेटाच्या बंदराला लावलं आणि त्यावर वर्ग भरवले. मग सगळ्यांना अमेरिकेत टेनेसीमधल्या नॉक्सव्हिलला हलवलं. शेवटी 2019 च्या सुरुवातीला कॉलेज कायमचं बार्बाडोसला गेलं. पिकार्डच्या खोल्या रिकाम्या राहिल्या, कर्जं तशीच. रॉसच्या मागे मोठी अमेरिकन कंपनी होती, म्हणून जहाज तरी आलं. तुमच्या माहितीपत्रकातल्या कॉलेजच्या मागे कोण आहे, हे त्याच्या आठही पानांवर मला सापडलं नाही. वादळांचा हंगाम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, आणि ऐन भरात असतो तो सप्टेंबरमध्ये. तुमची बॅच सप्टेंबरची. पोरगी सुखरूप राहील का, या प्रश्नात मी रात्री रस्त्याने चालण्याआधी हे धरेन. आणखी एक: भारताचा उच्चायुक्त तिथे नाही, ते काम त्रिनिदादमधून, पोर्ट ऑफ स्पेनहून, पाहिलं जातं. म्हणजे मधे समुद्र.

आता मुख्य मुद्दा. माहितीपत्रकाच्या पाचव्या पानाच्या फोटोत हॉस्पिटलच्या चित्राशेजारी कुणीतरी पेन्सिलीने बारीक लिहिलंय: ‘इथे पेशंट किती असतील?’ अक्षर तुमच्या लेकीचं असणार. पोरीने बरोबर नस पकडलीय.

आपल्याकडे सपाट भागात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 1 लाख 20 हजारांमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. त्या मापाने अख्ख्या डॉमिनिका देशाला एक सामुदायिक केंद्रसुद्धा बसत नाही. रोझोला एक मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, चीनच्या मदतीने नव्याने बांधलेलं. पण माणसंच 70 हजार, तर बाळंतपणं किती, अपघात किती, हृदयविकार किती? शेकडो विद्यार्थ्यांनी हात लावून शिकावं एवढे रुग्ण तिथे नाहीत. म्हणून कॅरिबियनच्या छोट्या बेटांवरची अशी कॉलेजं पुस्तकी भाग बेटावर शिकवतात आणि रुग्णांसमोरचं शिक्षण अमेरिकेत किंवा आणखी कुठे देतात. यात फसवणूक नाही. ही पद्धत अमेरिकन मुलांसाठी बनलीय आणि त्यांना ती चालते.

आपल्याला चालत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 18 नोव्हेंबर 2021 ला नियम काढलेत. परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, वर त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, शिक्षण इंग्रजीतून हवं, आणि पदवी ज्या देशाची त्याच देशात सगळं शिक्षण आणि इंटर्नशिप व्हायला हवी. एक तुकडा इथे, दुसरा तिथे, असं नाही. शिवाय त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळायला हवा. एवढं जमलं तरी परत आल्यावर एफएमजीई ही परदेशातून शिकून आलेल्यांसाठीची पात्रता परीक्षा, त्यात 300 पैकी 150 गुण, आणि पुन्हा भारतात वर्षभर इंटर्नशिप. ‘दोन वर्षं बेटावर, बाकी अमेरिकेत’ हे एजंटचं वाक्यच नियमात बसत नाही.

तो म्हणेल, ‘आमचं कॉलेज आयोगमान्य आहे.’ आयोग परदेशी कॉलेजांना मान्यता देतच नाही. तो म्हणेल, ‘मेडिकल कॉलेजांच्या जागतिक यादीत नाव आहे.’ असेल, पण यादीत नाव असणं म्हणजे दर्जाचा दाखला नव्हे. आणि तुमचा मनसुबा मुळात अमेरिकेत स्थायिक होण्याचाच असेल, तर तिथल्या परीक्षा, व्हिसा, रेसिडेन्सी म्हणजे हॉस्पिटलातलं पुढचं प्रशिक्षण, आणि राहणं हे 32 लाखांत बसत नाही, तो हिशेबच वेगळा. फी अमेरिकन डॉलरमध्ये. बेटावरचं चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, आणि तेही 1976 पासून एका अमेरिकन डॉलरला 2.70 या दराने बांधलेलं. म्हणजे रुपया घसरला की फीच नाही, पावसुद्धा महागतो.

लेकीसाठी दोन शब्द, तिला वाचून दाखवा. बाळ, पेन्सिलीने लिहिलेला प्रश्न आता कॉलेजला ई-मेलने विचार. किती खाटांचं हॉस्पिटल, कोणत्या देशात, किती महिने, इंटर्नशिप कुठे, डॉमिनिकात नोंदणी होईल याचा लेखी पुरावा आहे का, आणि कॅम-एचपी या कॅरिबियन मूल्यांकन संस्थेने कॉलेजला मान्यता दिलीय का. उत्तर कॉलेजच्या पत्त्यावरून यायला हवं, एजंटच्या व्हॉट्सॲपवरून नको. दरम्यान राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्या चुकवू नकोस. याच नीटच्या गुणांवर बीएएमएस आणि फिजिओथेरपीचेही प्रवेश होतात. फिजिओथेरपीला नाक मुरडण्याआधी सांगोल्यात गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा मोज. तिसऱ्यांदा नीट द्यायची की नाही, हे पहिल्या दोन वेळचे विषयवार गुण पाहूनच सांगता येईल. ते तू पाठवलेच नाहीस.

ताई, कॉलेजचं उत्तर आलं की मला पाठवा, मी वाचून कळवीन. मृगाचं फळ उतरेपर्यंत दीड एकराचा विषय काढू नका म्हणावं ह्यांना.