दारूत मुरवलेल्या फळांचे गोड पदार्थ भेट द्यायचे आहेत. कोणती फळं घ्यावीत, आणि ‘यात दारू आहे’ हे सांगायलाच हवं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. कोणती फळं आणि कोणती दारू घ्यायची, मुरलेल्या फळांचं पुढे काय करायचं, आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, "शिजवल्यावर अल्कोहोल उडूनच जातं, मग घेणाऱ्याला सांगायची काय गरज?" पहिल्या दोन गोष्टींवर इथे बरेच जण लिहितील. मी तिसरीसाठी लिहायला बसले आहे. सांगायलाच हवं. डब्यावर ठळक अक्षरांत लिहून, आणि समोरासमोर देत असाल तर तोंडानेही.

पण आधी फळं. पहिल्यांदाच करत असाल तर ताज्या फळांच्या वाटेला जाऊ नका. बेदाणे, काळ्या मनुका, सुके अंजीर, जर्दाळू, सुके आलुबुखार घ्या. त्यांच्यात पाणी कमी असल्यामुळे दारू पातळ होत नाही आणि बिघडायला फारसा वाव राहत नाही. गरम पाण्यातून काढा, पुसून कोरडी करा, स्वच्छ कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि बुडेपर्यंत रम किंवा ब्रँडी ओता. फळं ती शोषून फुगतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडी ओतावी लागते. फ्रान्सच्या नैऋत्य भागात आर्मान्याक ब्रँडीत मुरवलेले सुके आलुबुखार जेवणानंतर नुसतेच वाटीत देतात, आणि ते पुरेसं असतं. फार महागाची बाटली यासाठी फोडू नका. साखर आणि फळाच्या रसापुढे तिचे बारकावे जिभेला कळत नाहीत.

ताज्या फळांत लोक फसतात ते पाण्यामुळे. स्ट्रॉबेरीचा ९० टक्के भाग पाणी असतो आणि ते सगळं हळूहळू दारूत उतरतं. अर्धा किलो स्ट्रॉबेरी, पाव किलो साखर आणि ४० टक्क्यांची ७५० मिलीची बाटली घेतली तर मुरल्यावर बरणीतलं अल्कोहोलचं प्रमाण साधारण २०-२१ टक्क्यांवर येतं. हे चालतं. पण बरणी भरलेली दिसावी म्हणून त्याच बाटलीत किलोभर फळं कोंबली आणि साखरही त्याच हिशेबाने वाढवली, तर तुम्ही १५ टक्क्यांच्या आसपास येऊन पोचता. यीस्ट साधारण १४ ते १८ टक्क्यांपर्यंत तग धरतं. म्हणजे नेमकं जिथे पोचायला नको तिथेच. मग फळं आंबतात, बुडबुडे येतात, झाकण उघडताना फस्स होतं. जपानमध्ये घरी फळं मुरवताना किमान २० टक्क्यांची दारू वापरायची असा कायदाच आहे, आणि द्राक्षं मुरवायला बंदी आहे. जर्मनीत फळांचे थर रममध्ये मुरवण्याची रुमटॉप्फ नावाची रीत आहे, तिच्यासाठी ५४ टक्क्यांची रम वापरतात तीही याच हिशेबाने. तिथे उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्ट्रॉबेरीपासून श्रीगणेशा करतात, मग जे फळ येईल त्याचा थर, फळाच्या निम्म्या वजनाची साखर आणि वरून रम, असं करत नाताळच्या सुमारास चिनी मातीचं भांडं उघडतात. फळ सतत बुडालेलं राहायला हवं, म्हणून वर एक छोटी बशी दाबून ठेवायची. तरंगणारं फळ आधी काळं पडतं आणि मग बुरसतं.

वाइनमध्ये फळं टिकत नाहीत. वाइनमध्ये शिजवलेलं नाशपाती हा छान पदार्थ आहे, पण तो फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवायचा. कलिंगड, खरबूज, केळं यांचा दारूत लगदा होतो. सफरचंद पिठूळ होतं. जर्दाळू, पीच, आलुबुखार आणि चेरी मात्र या कामासाठीच जन्मल्यासारखी फळं. चेरीचं देठ अर्धं कापून ठेवा, प्रत्येक चेरी सुईने दोन-तीनदा टोचा, बी आतच राहू द्या. बीमुळे बदामासारखा वास येतो. फक्त बी फोडायची नाही. दोन-तीन महिने अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. बरणीत पांढरट, जेलीसारखे धागे दिसले तर घाबरू नका, ते फळातलंच पेक्टिन असतं. दारूत ते विरघळत नाही. बुडबुडे किंवा आंबूस वास आला तर मात्र बरणी सरळ रिकामी करायची, त्यात जीव अडकवायचा नाही.

आता मूळ गोष्ट.

आमच्या घरात हा वाद जुना आहे. माझ्या मोठ्या जाऊबाई फार चांगला स्वयंपाक करतात, आणि त्यांचं ठाम मत आहे की पदार्थात पडलेली दारू ही दारू राहत नाही. घरातल्या एका कार्यक्रमाला मी ब्रँडीतल्या चेरींची चॉकलेटं आणि रममध्ये मुरवलेल्या मनुकांचा केक केला होता, पाहुण्यांना जाताना द्यायला. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती: ‘यात ब्रँडी आहे’, ‘यात रम आहे’. पाहुणे यायच्या आधी जाऊबाईंनी चिठ्ठ्या काढून टाकल्या. भेटीच्या डब्यावर असं बरं दिसत नाही, मोठी माणसं हात आखडता घेतील, आणि घरच्या पदार्थाला कसल्या आल्या चिठ्ठ्या, असं त्यांचं म्हणणं.

माझा मामेभाऊ त्या दिवशी आला होता. त्याने दारू सोडली आहे. किती कष्टाने सोडली ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय, मामींनी काय सोसलं तेही. तो कार्यक्रमांना यायचं टाळायचा, त्या दिवशी मामी आग्रहाने घेऊन आल्या होत्या. त्याने एक चॉकलेट उचललं, तोंडाजवळ नेलं आणि थांबला. शेजारी जाऊबाई होत्या. त्यांना विचारलं, "ताई, यात काही आहे का?" त्या म्हणाल्या, "काही नाही रे, उडून गेलं सगळं. खा." मी पलीकडे पाणी देत होते. ते ऐकलं आणि तिथूनच म्हणाले, "दादा, खाऊ नकोस. ब्रँडी आहे त्यात." चार-पाच जणांनी वळून पाहिलं. त्याने चॉकलेट खाली ठेवलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि मामींजवळ जाऊन बसला.

नंतर स्वयंपाकघरात जाऊबाई मला खूप बोलल्या. चारचौघांत त्याची लाज काढलीस, माझीही काढलीस, एका चॉकलेटने काय होणार होतं? माझं उत्तर तेव्हा होतं तेच आज आहे. त्याला चारचौघांत विचारावं लागलं, कारण चिठ्ठी जागेवर नव्हती. ती असती तर त्याने वाचून डबा पुढे सरकवला असता आणि कोणाला कळलंही नसतं.

आणि ‘उडून जातं’ हेही खरं नाही. १९९२ साली अमेरिकेत संशोधकांनी हे मोजलं आणि तिथल्या कृषी खात्याच्या तक्त्यांत ते आकडे आले. दारू मिसळून अर्धा तास शिजवलं तर ३५ टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने २५ टक्के, अडीच तासांनी ५ टक्के. वरून ओतून पेटवली, ज्वाळा उठल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तरी ७५ टक्के तिथेच असतं. न शिजवता रात्रभर ठेवलं तर ७० टक्के. माझा केक भाजून झाल्यावर मी त्यावर रोज चमचाभर रम सोडत होते. तिला आच लागलीच नव्हती. चॉकलेटांतल्या चेरींचा तर विस्तवाशी संबंधच आला नव्हता. मग उडालं कुठून?

ती चॉकलेटं कशी करतात ते सांगते, कारण भेट म्हणून याहून सुंदर वस्तू मला माहीत नाही. चेरी गाळून, बी काढून, कागदावर रात्रभर कोरड्या करायच्या. पाण्याचा थेंबही वितळलेल्या चॉकलेटात गेला तर ते दाणेदार होऊन घट्ट होतं. मग प्रत्येक चेरीला फाँडंटचं, म्हणजे साखरेच्या मऊ पांढऱ्या लगद्याचं, पातळ आवरण द्यायचं आणि लगेच चॉकलेटात बुडवायचं. वेळ घालवला तर फाँडंट पाझरायला लागतं. बुडाशी चॉकलेटचा दुहेरी थर द्या, गळती तिथूनच होते. आठवडा-दोन आठवड्यांत आतलं फाँडंट विरघळून पाक होतो. फाँडंटमध्ये इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम घातलं तर हे काम जास्त खात्रीने होतं.

मुरलेल्या मनुका आइस्क्रीममध्ये घाला. साध्या मनुका खड्यासारख्या कडक होतात, या मऊ राहतात, कारण अल्कोहोल आणि साखर त्यांना गोठू देत नाहीत. पण बरणीतला द्रव लिटरभर मिश्रणाला दोन-तीन मोठ्या चमच्यांपेक्षा जास्त घालू नका, नाहीतर आइस्क्रीमच जमणार नाही. क्रीम आधी फेटून घ्यायचं आणि मग तो द्रव हलक्या हाताने मिसळायचा. गरम दुधात ओतला तर दूध फाटतं. अननस मुरवला असेल आणि जिलेटिनच्या पदार्थात घालायचा असेल तर तुकडे आधी उकळून घ्या, नाहीतर जिलेटिन धरत नाही. 

काही गोष्टी राहिल्या. प्यायच्या दारूशिवाय दुसरं कुठलंही स्पिरिट वापरू नका. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, त्याने दृष्टी जाते, जीवही जातो. गरोदर बाई, लहान मुलं, मेट्रोनिडाझोलसारखी औषधं चालू असलेली माणसं, धर्मामुळे किंवा मनाने न घेणारी माणसं, या सगळ्यांसाठी ती चिठ्ठी आहे. एका चॉकलेटात किंवा केकच्या तुकड्यात अल्कोहोल थोडंच असतं, हे जाऊबाईंचं म्हणणं मला मान्य आहे. पण तेवढं चालेल की नाही हे खाणाऱ्याने ठरवायचं. विमानाने नेणार असाल तर बरणी चेक-इनच्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत बऱ्याच ठिकाणी १०० मिलीची मर्यादा आड येते. आणि तुमच्याकडे दारूबद्दल कायदा काय म्हणतो ते बघून घ्या.

चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: कोणती दारू, कधी भरली, उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. जास्त जणांना देणार असाल तर दारू नसलेलाही एक डबा करा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. जाऊबाईंना हे दुप्पट काम वाटतं. पण त्याच मनुका संत्र्याच्या रसात किंवा कडक काळ्या चहात रात्रभर भिजवल्या की झालं. त्या टिकत नाहीत, फ्रीजमध्येही दोन-तीन दिवसच, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या रात्री भिजवा आणि त्यांच्या डब्यावरही ‘यात दारू नाही’ असं लिहा.