छावणी घराजवळ आहे, नोकरी घराजवळ असेलच असं नाही

प्रश्न : आम्ही अहिल्यानगरला राहतो. मुलगा 19 वर्षांचा. दहावीला 54 टक्के, गणितात मात्र 38. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स झालाय. इथल्या लष्करात रणगाड्यांचा मेकॅनिक म्हणून लागला तर घराजवळ राहील. अग्निवीरचा फॉर्म कोणत्या पदाचा भरायचा?

उत्तर : ताई, आधी 'घराजवळ'चं बघू. नगरला आर्मर्ड कोअरचं (रणगाडा दल) आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं (चिलखती गाड्यांतलं पायदळ) सेंटर आहे. पहाटे धावताना दिसणारी बरीच पोरं तिथली रिक्रूट असतात. ट्रेनिंग संपलं की त्यांची रवानगी रेजिमेंटमध्ये, म्हणजे बहुधा पंजाब-राजस्थानकडे.

शिवाय रणगाड्याचा मेकॅनिक आर्मर्ड कोअरचा नसतोच, तो ईएमईचा, म्हणजे लष्कराची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचा. त्याचं ट्रेनिंग सिकंदराबाद नाहीतर भोपाळला. टी-72 रणगाड्यावर तिघं असतात : कमांडर, गनर, ड्रायव्हर. एअर फिल्टर साफ करणं, ट्रॅकचा ताण बघणं हे रोजचं काम तेच करतात. त्यांच्या हाताबाहेरचं काम रेजिमेंटसोबतच्या ईएमई तुकडीकडे, म्हणजे एलएडीकडे जातं. एका रेजिमेंटचे 45 रणगाडे, त्यामुळे हात काळे व्हायला तोटा नाही. पण रेजिमेंट हलली की एलएडीही हलते.

आता फॉर्म. दहावी-आयटीआयवर 'टेक्निकल' भरायचं तर एकूण 50 टक्के आणि इंग्रजी, गणित, विज्ञानात प्रत्येकी 40 लागतात. गणिताच्या 38 ने ते दार बंद. 'जनरल ड्यूटी'ला एकूण 45 आणि प्रत्येक विषयात 33 पुरतात, इतर विषय ठीक असतील तर तिथे तो बसतो. फक्त तिथे हातात पाना मिळेल असं धरून चालू नका. 'ट्रेड्समन' या नावाला तर अजिबात भुलू नका. ती स्वयंपाकी, धोबी, मेस अशी कामं आहेत. आयटीआयची पोरं इथेच हमखास चुकतात.

अग्निवीर म्हणजे 4 वर्षं, पुढे जास्तीत जास्त 25 टक्के कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 9,000 सेवा निधीत कापले जातात. शेवटी मिळणारा निधी व्याज सोडून साधारण 10.04 लाख. राहणं बराकीत, वार्षिक रजा 30 दिवस. म्हणजे नशिबाने नगर मिळालं तरी मुलगा रोज घरी जेवायला येणार नाही.

त्याला गाड्यांचंच काम हवं असेल तर वर्दीचा हट्ट थोडा बाजूला ठेवा. खडकीच्या 512 आर्मी बेस वर्कशॉपसारख्या ठिकाणी सिव्हिलियन कारागीरही असतात. गट 'क'च्या या जागांसाठी रोजगार समाचार बघत राहा. अर्ज अनेकदा पोस्टाने थेट त्या युनिटला पाठवावा लागतो. पाकिटावर पदाचं नाव राहिलं किंवा जाहिरातीतला ट्रेड प्रमाणपत्राशी जुळला नाही, तर अर्ज बाद होतो. व्हेइकल मेकॅनिकला बारावीही मागतात. म्हणून यंदाच 17 नंबरचा (बाहेरून परीक्षा देण्याचा) फॉर्म भरून बारावी उरकायला सांगा, आणि सोबत एसटीच्या कार्यशाळेत अप्रेंटिसशिप मिळते का ते बघा.