विमा आणि आपण : साठ लाख आले कुठून?

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित कौलारू घर आहे. चिऱ्याच्या भिंती, कार्पेट 1,100 चौरस फूट, मागे पोफळीची बाग. आम्ही मुंबईला, गणपती आणि शिमगा सोडला तर घर बंदच. एजंटने 60 लाखांचा गृहविमा सुचवलाय. हप्ता कमी करता येईल का? बायको म्हणते, दरवर्षी पैसे घालवण्यापेक्षा कौलं बदलू. – एक वाचक, बोरिवली

उत्तर : साठ लाख आले कुठून, हे आधी एजंटला विचारा. मला वाटतं त्याने जागेचा भाव धरलाय, वर बागेचाही. जमीन काही जळत नाही नि वाऱ्याने उडत नाही. विमा उतरवायचा तो घर पुन्हा उभं करायच्या खर्चाचा. गावातला गवंडी आणि सुतार, दोघांना घरी बोलवा. असंच घर आज बांधायला चौरस फुटाला काय पडेल? वासे-रिपांचा भाव आजचा सांगायला लावा, आजोबांच्या वेळचा नको. समजा 2,000 रुपये म्हणाले, तर झाले 22 लाख. साठावरच्या आणि बाविसावरच्या हप्त्यात जो फरक, ती तुमची बचत.

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरीव मजकुराची पॉलिसी आली आहे. मजकूर तोच असला तरी दर कंपनीगणिक वेगळा, तेव्हा तीन ठिकाणी विचारा. घरासोबत सामानाचाही विमा घेतलात तर इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, यादी न देता धरतात. तुमचे 4 लाख 40 हजार होतील. बंद घरातला पलंग, टीव्ही, तांब्याचे हंडे, एवढ्याला पुष्कळ. गडगा, फाटक, टाकी, सोलर पॅनेल घरातच मोजतात. पोफळी नाहीत मोजत. पॉलिसी 10 वर्षांपर्यंत एकदम काढता येते, आणि अशा लांब मुदतीत विम्याची रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढते, जादा हप्ता न घेता.

आता बचत कुठे करू नये ते सांगते, कारण ती मी करून बसले आहे. विमा कंपनीत नोकरी केलेली बाई मी. जुन्या पॉलिसीत वादळ-पुराचं कलम काढून टाकलं की थोडी सूट मिळायची. दापोलीजवळच्या आमच्या घराला मी ती घेतली. वर्षाला 225 रुपये! 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. दुपारी अंगणातला माड पडवीवर आडवा झाला, ओटीवरची कौलं पत्त्यासारखी उडाली. आम्ही माजघरात, डोक्यावर पातेली धरून. छपराला 1 लाख 80 हजार लागले आणि विम्याचा एक रुपया आला नाही. कंपनीची चूक नव्हती, सही माझीच होती. 'भारत गृह रक्षा'त वादळ, पूर, भूकंप, दरड, घरावर पडलेलं झाड हे सगळं मुळातच आहे. कोणी काही वगळून स्वस्त देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

वहिनींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वाळवीने खाल्लेला वासा आपसूक मोडला तर विमा देत नाही. वाचलेल्या पैशांत छप्पर शाकारून घ्या, पण विम्याऐवजी नव्हे, विम्यासोबत.

घर बहुतेक वर्ष बंद असतं हे प्रपोझल फॉर्मवर स्पष्ट लिहा आणि बंद घराबद्दलची अट सही करण्याआधी वाचा. गोठा झापांचा किंवा गवताने शाकारलेला असेल तर तेही सांगा. असं बांधकाम कच्चं धरतात.

आणि एक बिनखर्चाचं काम. यंदा गणपतीला गेलात की घरपट्टीची पावती काढून नाव बघा. कोकणात निम्म्या घरांवर अजून आजोबाच नांदतायत! क्लेमच्या वेळी कंपनी विचारणार, घराशी तुमचा संबंध काय? वारसनोंद करून घ्या, पॉलिसीत सगळ्या हिस्सेदार भावांची नावं घाला. त्याच दिवशी आतून-बाहेरून घराचे फोटो काढून मुंबईतल्या कोणाच्या तरी फोनवर पाठवा. वादळानंतर गावात वीज आणि रेंज यायला किती दिवस लागतात, ते आम्ही पाहिलंय.