घाम तेवढाच, वेळही तेवढीच

"मॅडम, अंतर वाढवू की शर्यतच सोडून देऊ?" लांब पल्ल्याच्या ट्रेल, म्हणजे डोंगरवाटेवरच्या शर्यतीची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न पावसाळा सरता सरता हमखास येतो. महिनोन्‌महिने वेळ सुधारत असते आणि एक दिवस आकडा अडून बसतो. आज ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते गोव्यातल्या कुडचड्याचे, चाळिशीतले गृहस्थ, वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात पाळीने काम करणारे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत; लिहायला त्यांची हरकत नाही.

डिसेंबरात पुण्याजवळच्या सिंहगड-राजगड-तोरणा वाटेवरची 50 किलोमीटरची शर्यत त्यांना पळायची होती. तोरणा 1,403 मीटर उंच. तेवढा डोंगर गोव्यात कुठून आणणार? म्हणून सरावाला पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत. पायथ्यापासून देवळापर्यंत लागणारा वेळ हीच त्यांची परीक्षा. मोबाइलवरचा आलेख त्यांनी माझ्यापुढे धरला: ऑगस्टपर्यंत उतरत आलेली रेघ, पुढे आडवी. ती आडवी झाल्यावर त्यांनी विश्रांतीचा दिवस काढून टाकला होता आणि हलक्या धावण्याच्या दिवशीही जोर लावायला सुरुवात केली होती.

"मनच कच्चं आहे माझं," ते म्हणाले. हे वाक्य ऐकलं की मला थोडा राग येतो, बोलणाऱ्याचा नव्हे, ते त्याच्या डोक्यात भरवणाऱ्यांचा. इच्छाशक्ती कमी पडणाऱ्याचा गजर पहाटे साडेतीनला वाजत नाही.

आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन, लोह, थायरॉईड बघितल्याशिवाय मनाच्या गोष्टी करण्यात अर्थ नसतो. रिपोर्ट ठीक आले. मग एक साधी वही करायला सांगितली: पाळी, झोप, उठल्या उठल्या नाडी, धावणं. ती घेऊन आले तेव्हा एका ओळीवर आम्ही दोघंही थांबलो. "रात्रपाळी. झोप 4 तास. चंद्रनाथ. वेळ तीच. वैताग." अशा ओळी वहीत बऱ्याच होत्या. कंपनीच्या बसमधून उतरायचं, घरी थोडं पडायचं आणि थेट डोंगर गाठायचा, कारण "तेव्हाच मोकळा असतो मी."

धावताना शरीर फक्त थकतं. ताकद वाढते ती नंतर, झोपेत आणि विश्रांतीत. ताण आणि भरपाई यांचा मेळ चुकला तर काय होतं, यावर युरोप आणि अमेरिकेतल्या क्रीडाविज्ञानाच्या दोन मोठ्या संस्थांनी 2013 मध्ये एकत्र निवेदन काढलं होतं. काही दिवस ते दोनेक आठवड्यांच्या विश्रांतीने भरून निघणारा थकवा वेगळा, आणि महिनोन्‌महिने न हटणारा वेगळा. दुसऱ्यात सकाळची नाडी वाढलेली राहू शकते, झोप मोडते, सर्दी-ताप पाठ सोडत नाही, चिडचिड होते. आमचे गृहस्थ पहिल्याच्या पलीकडच्या उंबरठ्यावर होते. त्यात ऑक्टोबर. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, त्यामुळे त्याच वेगाला नाडी जास्त पडते. म्हणजे वेळ तीच राहिली, याचा अर्थ ते थोडे सुधारलेही असतील! हे ऐकून ते पहिल्यांदा हसले.

हलकं धावणं म्हणजे किती हलकं, हा पुढचा प्रश्न. बरोबरच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं इतकं. ते एकटेच धावतात, म्हणून मी म्हटलं, आरती म्हणा. तेव्हा कळलं की गणेशचवथीला वाड्यावरच्या आरत्यांना घुमट, म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य, हेच वाजवतात. यंदा मात्र दुसऱ्या दिवशी लांब धावायचं म्हणून पहिलीच आरती संपताच उठून गेले होते. बायको म्हणाली होती, "घरात असूनही तुम्ही घरात नसता."

आणखी दोन-तीन भेटींनंतर दुसरी गोष्ट निघाली. कारखान्यात त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा सुपरवायझर झाला होता. हे होते तिथेच. धावणं ही एकच जागा, जिथे आपण पुढे जातोय असं त्यांना वाटायचं. तिथलाही आकडा थांबल्यावर भीती वाटणारच. पण मी हे जोडून दिलं नाही, त्यांनीच जोडलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

आम्ही ठरवलं ते असं: दोन आठवडे अंतर निम्मं, घड्याळ घरी. रात्रपाळीच्या आठवड्यात चढ नाही, फक्त चालणं किंवा सपाटीवर आरतीच्या वेगाने. मोजायचंच तर दिवसपाळीच्या आठवड्यातल्या सुट्टीला, पोटभर झोपून. आणि सरावात उतारही हवा. 50 किलोमीटरच्या डोंगरवाटेत मांड्या जास्त भरतात त्या उतरताना, आणि हे तर चंद्रनाथ चढून खाली मोटरसायकलवर मित्राच्या मागे बसून यायचे.

नोव्हेंबरात वेळ सव्वा मिनिटाने उतरली. त्यांना पाच मिनिटांची आशा होती, तसं तोंडावर दिसलंही. शर्यत त्यांनी ठरलेल्या मुदतीत पूर्ण केली, शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पेटके आले म्हणे. रात्रपाळ्या कमी करून मागितल्या होत्या, अर्ध्याच मिळाल्या. सुपरवायझरच्या विषयावर आमचं बोलणं अजून चालू आहे.