पोळ्याला बैलाची पूजा कशी करायची, पुरणपोळी किती द्यायची?

नोकरी नागपुरात, शेती कळमेश्वरकडे आणि बैलजोडी यंदाच घेतलेली, म्हणून पूजा कशी करायची आणि पुरणपोळी किती खाऊ घालायची, असं तुम्ही विचारलंय.

पूजा आदल्या संध्याकाळीच सुरू होते. जू बसतं ती खांद्याची जागा कोमट पाण्याने धुवा आणि हळद कालवलेलं लोणी किंवा तूप चोळा. हाताला गाठ, सूज किंवा सोललेली कातडी लागते का, ते याच वेळी कळतं. मग 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणायचं. दुसऱ्या दिवशी, श्रावण अमावास्येला, खांद्यावर जू नाहीच.

शिंगं रंगवण्याआधी तासायची खोड काहींना असते. करू नका, कवचाच्या आत, बुडाशी जिवंत हाड असतं, त्यात रक्त वाहतं. अंगावर गेरूत वाटीची कड बुडवून गोल ठसे उठवा. बैल अंग चाटतो, त्यामुळे रासायनिक रंग पोटात जातो. बाशिंग बांधाल तर दोरी डोळ्याला घासत नाही ना, तेवढं पाहा.

आता पुरणपोळी. घरच्या ताटातली एक पोळी बैलाला काही करत नाही. घोटाळा होतो तो तोरण सुटल्यावर, म्हणजे गावच्या सगळ्या जोड्या ज्या तोरणाखाली उभ्या करतात ते सोडल्यावर. बैल आखरावरून (गावातली जनावरं जमायची मोकळी जागा) निघून दारोदार जातो, प्रत्येक घरी 'एकच' पोळी मिळते आणि वीस घरांच्या वीस होतात. कोटीपोटातले (पोटाचा पहिला, सगळ्यात मोठा कप्पा) जिवाणू कडबा-गवत पचवायला सरावलेले असतात. एकदम एवढं गोड-पिठाळ पडलं की लॅक्टिक आम्ल साचतं, रवंथ बंद होतं, डावी कूस फुगते, शेण पातळ आणि आंबूस येतं, बैल मान टाकून उभा राहतो. तसं दिसलं तर लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. घरी नळीने तेल पाजू नका. ठसका लागून ते फुप्फुसात गेलं तर दुखणं दुप्पट. म्हणून निघण्याआधी पोटभर कडबा आणि पाणी द्या. बाकी घरी पाय धुऊन कुंकू लावू द्या, बोजारा (बैल दारी आल्यावर देतात ती ओवाळणी) घ्या, नैवेद्याचा घास तेवढा बैलाला, उरलेली पोळी गड्याच्या पिशवीत. कुणाला वाईट वाटत नाही.

ओवाळण्याच्या ताटात मंगळसूत्र किंवा अंगठी ठेवू नका. बैल घास न चावताच गिळतो, दागिना पोळीसोबत जातो आणि जड असल्याने जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, बसतो. पुढे शस्त्रक्रिया आली. अशा बातम्या पेपरात येऊन गेल्यात, तरी लोक ठेवतात!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारातले पळसाचे मेढे (फांद्या) उपटून 'घेऊन जा गे मारबत' म्हणत वेशीबाहेर टाकायचे, मारबत म्हणजे गावची इडापिडा घेऊन जाणारी. लेकरांना नागपुरातली काळी-पिवळी मारबत (तिच्या पुतळ्यांची मिरवणूक) आणि तान्हा पोळा (लेकरांचा, लाकडी बैलांचा पोळा) दाखवायचा असेल, तर लाकडी नंदी न्या, खरी जोडी गोठ्यातच राहू द्या. त्या गर्दीत अन् डीजेत बैल बुजतो.